एकोणनव्वद सेंटांचे पुस्तक

न्यूयॉर्क शहरातील मेसी नावाच्या प्रचंड दुकानात १९०४ साली एक कादंबरी एकोणनव्वद सेंटांना विकावयास ठेवण्यात आली, आणि त्या अकरा सेंटांच्या सवलतीवरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणारा एक खटला उभा राहिला. कादंबरीचे नाव ‘द कास्टअवे’, लेखिका हॅली अर्मिनी राइव्ह्ज आणि विषय कवी बायरनचे आयुष्य. वाङ्मय म्हणून तिची आठवण आज फारशी कोणी काढीत नाही. पण ज्या कोणी कधी जुने पुस्तक निम्म्या किमतीला घेतले आहे, त्याचे या कादंबरीशी नाते आहे. तिच्या प्रकाशकांनी, इंडियानापोलिसच्या बॉब्स-मेरिल कंपनीने, पुस्तकाच्या आरंभीच सूचना छापली होती की याची किरकोळ किंमत एक डॉलर असून ते त्याहून कमी किमतीस विकण्याची मुभा कोणाही दुकानदारास नाही. कोणी विकल्यास तो स्वामित्वहक्काचा भंग समजण्यात येईल. मेसीचे मालक इसिडोर आणि नेथन स्ट्राउस या बंधूंनी (यांतील इसिडोर पुढे १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’बरोबर बुडाले) घाऊक व्यापाऱ्यांकडून प्रती घेतल्या, सूचना वाचली आणि आपल्याला परवडेल त्या भावाने विक्री सुरू केली.

१ जून १९०८ रोजी निकाल लागला. प्रती छापण्याचा व त्या प्रथम विकण्याचा अधिकार प्रकाशकाचा खरा; परंतु एकदा प्रत विकली की त्या प्रतीपुरता त्याचा अधिकार संपला. घेणाऱ्याने ती वाचावी, मित्रास द्यावी, रद्दीत घालावी किंवा वाटेल त्या किमतीस विकावी. या तत्त्वास ‘प्रथम विक्रीचे तत्त्व’ असे नाव पडले. आपल्या कॉपीराइट कायद्यातही एकदा प्रचारात आलेली प्रत मूळ हक्कदाराच्या मुठीबाहेर ठेवलेली आहे. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर ज्यांनी वर्षानुवर्षे पुस्तके मांडली, किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात जे गतवर्षीची क्रमिक पुस्तके घेऊन यंदाच्या विद्यार्थ्यांस देतात, त्यांच्यापैकी कोणी हा खटला ऐकलेला असण्याचे कारण नाही. तथापि ते उभे आहेत ते याच जमिनीवर.

पुस्तक स्वस्त होते ते कागद स्वस्त झाल्यामुळे किंवा छपाईची यंत्रे सुधारल्यामुळे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अगदीच खोटी नाही. पण अपुरी आहे. यंत्र सुधारले म्हणून किंमत उतरलीच पाहिजे असे नाही; नफाही चढू शकतो. पुस्तकांच्या व्यापाराचा इतिहास चाळू लागले की दिसते ते असे, की किंमत खरोखर उतरते ती पुस्तकावरची कोणाची तरी पकड सैल झाल्यावर. ती दोन रीतींनी सैल होते. प्रत हातोहाती फिरू लागते ही एक; आणि मुदत संपून मजकूरच सर्वांचा होतो ही दुसरी.

पहिल्या रीतीचा मूळपुरुष शोधावयाचा तर लंडनच्या जेम्स लॅकिंग्टनपाशी जावे लागेल. १७४६ मध्ये जन्मलेला हा मूळचा चांभार. त्याच्या काळी व्यापाऱ्यांची एक रीत होती. न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे लिलावात स्वस्त मिळत. ते घ्यावयाचे, त्यांतील निम्म्या वा पाऊण प्रती नष्ट करावयाच्या, आणि उरलेल्या पूर्ण किमतीला विकावयाच्या. आरंभी लॅकिंग्टननेही ती रीत पाळली. पुढे त्याला तिचा वीट आला आणि तो सगळ्याच प्रती निम्म्या-पाव किमतीत विकू लागला. मात्र उधारी बंद. सरदार असो की दरबारी, पैसे रोख मोजल्याखेरीज पुस्तक मिळावयाचे नाही. अन्य विक्रेते खवळले, त्याच्याविरुद्ध कंड्या पिकवू लागले. पण वर्षाला लाखावर पुस्तके विकत असल्याचे तो स्वतः आपल्या आठवणींत अभिमानाने नमूद करतो. फिन्सबरी स्क्वेअरमधील त्याच्या दुकानाचे नाव ‘टेंपल ऑफ द म्यूझेस’, म्हणजे सरस्वतीचे मंदिरच म्हणा ना. आणि दारावर जगातील सर्वांत स्वस्त पुस्तकविक्रेता अशी पाटी. दुकान इतके ऐसपैस, की उद्घाटनाच्या वेळी चार घोड्यांची गाडी आतल्या गल्ल्याभोवती फिरवून आणली असे सांगतात. लॅकिंग्टनचे चरित्र हे खरे म्हणजे एका स्वतंत्र लेखाचे काम आहे.

दुसऱ्या रीतीचा आरंभ एडिंबरोच्या अलेक्झांडर डोनाल्डसनपासून धरता येईल. इंग्लंडात १७१० च्या कायद्याने ग्रंथाच्या स्वामित्वास चौदा वर्षे, आणि लेखक हयात असल्यास आणखी चौदा, अशी मुदत घातली होती. लंडनच्या प्रकाशकांना मात्र ती मुदत मान्य नव्हती. विकत घेतलेले हस्तलिखित हे विकत घेतलेल्या शेताप्रमाणे वंशपरंपरा आपले, असा त्यांचा दावा. डोनाल्डसन मुदत संपलेली पुस्तके छापी आणि लंडनमध्येच दुकान थाटून ती लंडनकरांपेक्षा पुष्कळ स्वस्त विकी. जेम्स टॉमसनच्या ‘द सीझन्स’ या काव्यावरून प्रकरण सरदारसभेपुढे गेले आणि २२ फेब्रुवारी १७७४ रोजी सभेने डोनाल्डसनच्या बाजूने कौल दिला: मुदत म्हणजे मुदत. जर्मनीत असाच दिवस ९ नोव्हेंबर १८६७ रोजी उजाडला. ज्यांना मरून तीस वर्षे झाली अशा सर्व लेखकांचे ग्रंथ त्या दिवशी मोकळे झाले, आणि लाइपझिगच्या रेक्लाम या प्रकाशकाने ग्यॉटेचे ‘फाउस्ट’ दोन चांदीच्या ग्रोशेनना विकावयास काढले. ती माला आजही चालू आहे. १९१२ पासून तर तिची पुस्तके नाणे टाकून यंत्रातून बाहेर काढता येत, आगगाडीच्या स्थानकावर वजनाचे तिकीट निघते तशी.

आपल्याकडे या मुदतीची कथा मोठी चमत्कारिक आहे. १९५७ च्या कायद्यान्वये लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क चाले. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ च्या ऑगस्टात गेले; तेव्हा ३१ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे वाङ्मय सर्वांचे व्हावयाचे होते. विश्वभारतीचे उत्पन्न त्यावर अवलंबून. बंगालमधून ओरड झाली आणि वर्ष संपावयास चार-दोन दिवस उरले असता वटहुकूम निघाला. १९९२ मध्ये त्याचा कायदा होऊन पन्नासाची साठ वर्षे झाली. एका कवीसाठी केलेला हा कायदा लागू मात्र सर्वांना झाला. आपले भा. रा. तांबे हेही १९४१ च्या डिसेंबरातच निवर्तले. त्यांची कविता १९९२ च्या पहिल्या दिवशी खुली व्हावयाची, ती दहा वर्षे अडली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. ‘श्यामची आई’ २००१ ऐवजी २०११ मध्ये मोकळी झाली, आणि मग पाहता पाहता अनेक प्रकाशकांच्या आवृत्त्या दुकानांत दिसू लागल्या. ज्या पुस्तकाने महाराष्ट्रातील पोरासोरांना रडविले ते दहा वर्षे आधी स्वस्त झाले असते, तर विश्वभारतीचे काय बिघडते, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

आता जुन्या प्रतीकडे पुन्हा वळू. कारण तिच्या वाटेत कायद्याखेरीज आणखी एक अडचण होती. पुस्तक स्वस्त खरे, पण ते आहे कोठे? मला हवी असलेली प्रत कोल्हापुरातील एखाद्या दुकानात धूळ खात पडली असेल आणि मी नागपुरात असेन, तर ती स्वस्त असून मला काय लाभ? हेलेन हॅन्फ या न्यूयॉर्कच्या लेखिकेने १९४९ मध्ये एक जाहिरात पाहून लंडनच्या मार्क्स अँड कंपनीस पत्र धाडले, जुन्या पुस्तकांची यादी जोडली, आणि दुकानाशी तिचा वीस वर्षे पत्रव्यवहार चालला. त्याचे पुढे पुस्तक झाले. ते वाचताना आपण त्यातील स्नेहावर लुब्ध होतो आणि हे विसरतो की एकेका पुस्तकासाठी महिनोन् महिने वाट पाहावी लागे. व्यापारी लोकांची सोय निराळी होती. अमेरिकेत १९४८ पासून ‘अँटिक्वेरियन बुकमन’ नावाचे साप्ताहिक निघे. त्यात वाचण्यासारखे थोडे. पाने भरलेली असत ती बारीक टाइपातील याद्यांनी. अमुक दुकानदारास अमुक पुस्तक हवे आहे. दुसरा दुकानदार ती यादी डोळे फोडून वाची, आपल्या फळ्या धुंडाळी आणि पोस्टकार्डावर भाव कळवी. सबंध देशाचा जुन्या पुस्तकांचा व्यापार या पोस्टकार्डांवर चाले.

१९९३ मध्ये इंटरलॉक नावाच्या संस्थेने हीच याद्यांची देवघेव संगणकावर आणली. तिच्यातून पुढे अ‍ॅलिब्रिस निघाली. १९९६ मध्ये कॅनडातील व्हिक्टोरिया या गावी दोन दांपत्यांनी सुरू केलेले एबबुक्स हे संकेतस्थळ चालू झाले. फरक असा की येथे दुकानदाराने दुकानदाराची यादी वाचावयाची नव्हती, गिऱ्हाइकानेच सगळ्यांची फळी एकदम पाहावयाची होती. १९९९ च्या अखेरीस ते जुने साप्ताहिक बंद पडले. २००० च्या नोव्हेंबरात अ‍ॅमेझॉनने नव्या प्रतीच्या शेजारीच जुन्या प्रतीचा भाव दाखविण्यास आरंभ केला, तेव्हा लेखकांच्या संघटनेने कडाडून आक्षेप घेतला, कारण जुन्या प्रतीतून लेखकास छदामही मिळत नाही. लेखकांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. पण १९०८ चा निकाल त्यांच्या विरुद्ध उभा होता. एबबुक्सही २००८ मध्ये अ‍ॅमेझॉननेच विकत घेतले.

सगळ्या फळ्या एकत्र दिसू लागल्यावर एक मौज झाली. जी पुस्तके दुर्मिळ समजली जात ती मुळी दुर्मिळ नव्हतीच. ती केवळ विखुरलेली होती. एका गावात एकच प्रत दिसे म्हणून तिची किंमत. यादीत चाळीस प्रती एकाखाली एक उभ्या राहिल्या तेव्हा भाव घसरत घसरत एका सेंटावर आला. एका सेंटात पुस्तक विकून कोणाचे पोट भरते, असे वाचकांस वाटेल. गोम अशी की टपालखर्चापोटी गिऱ्हाइकाकडून ठरावीक रक्कम घेतली जाई. ग्रंथालयांनी काढून टाकलेली पुस्तके वजनावर घेणारा मोठा व्यापारी ती रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांतील फटीवर जगे. म्हणून अशा सौद्यात पुस्तकाची किंमत पाहून भागत नाही, टपाल मिळवून बेरीज करावी लागते.

थायलंडमधील सुपाप किर्तसाएंग हा गणिताचा विद्यार्थी अमेरिकेत शिकावयास गेला. तेथील क्रमिक पुस्तके अतोनात महाग, आणि तीच पुस्तके त्याच प्रकाशकाची आशियाई आवृत्ती म्हणून बँकॉकमध्ये स्वस्त, हे पाहून त्याने नातलगांकडून ती मागवून ई-बेवर विकली. वाइली या प्रकाशकाने दावा लावला. ज्यूरीने आठ पुस्तकांबद्दल सहा लाख डॉलरांचा दंड बसविला. सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१३ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की पुस्तक परदेशात छापलेले असले तरी प्रथम विक्रीचे तत्त्व त्यास लागू आहे. मराठी घरांतून अभियांत्रिकीसाठी अमेरिकेस जाणाऱ्या मुलांच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी अशी भारतीय आवृत्तीची पुस्तके वर्षानुवर्षे गेलेली आहेत. त्यांच्या मुखपृष्ठावरील ‘केवळ भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ ही ओळ आणि ‘द कास्टअवे’वरील सूचना, दोघी सख्ख्या बहिणी.

मराठी पुस्तकाचा शोध मात्र इंटरनेटवरही सहजासहजी लागत नाही. या सर्व याद्यांचा कणा म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. तो १९७० मध्ये रूढ झाला. त्यापूर्वीच्या पुस्तकांवर तो नाही, आणि नंतरच्याही अनेक मराठी पुस्तकांवर नाही. मग नावावरून शोधावे, तर विक्रेत्याने रोमन लिपीत ते कसे लिहिले असेल याचा अदमास घ्यावा लागतो. ‘श्यामची’ या एका शब्दाचीच तीन रोमन रूपे सहज होतात. ‘आई’ची आणखी दोन. शोधणाऱ्याने लेखकाचे आडनाव, प्रकाशकाचे नाव, देवनागरी आणि रोमन, असे सर्व दरवाजे ठोठावले पाहिजेत. कंटाळा करणाऱ्यास वाटते पुस्तक नाही; असते ते शेजारच्याच स्पेलिंगखाली.

मुदत संपलेल्या पुस्तकांची गोष्ट याहून सुखाची आहे. ४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठातील मायकेल हार्ट या तरुणास तेथील संगणक वापरावयास मिळाला. त्या सवडीची किंमत त्यानेच पुढे दहा कोटी डॉलर धरली. एवढ्या देणगीचे चीज होईल असे काय करावे? आतषबाजी पाहून परतताना किराणा दुकानात त्यास अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची प्रत मिळाली होती. त्याने ती टंकून संगणकात घातली, सगळी कॅपिटल अक्षरांत, कारण लहान अक्षरे त्या यंत्रात नव्हती. पहिले ई-पुस्तक ते हे. अठरा वर्षांनी, १९८९ मध्ये, बायबल आले तेव्हा त्या ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’चा क्रमांक फक्त दहावर पोचला होता. पुढे २००० मध्ये मुद्रिते तपासण्याचे काम पानापानाने शेकडो हौशी माणसांत वाटण्याची युक्ती निघाली, आणि आज संग्रहात सत्तर हजारांहून अधिक पुस्तके आहेत, सर्व विनामूल्य. आपल्याकडे केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मराठी विश्वकोश येतो. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक न मिळणारी पुस्तके उतरवून घेता येतात. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या सरकारी उपक्रमात लाखो जुन्या पुस्तकांची छायाचित्रे घेतली गेली. त्यांत हजारो मराठी होती. २०१७ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले. परंतु बरीचशी पुस्तके तत्पूर्वीच ‘इंटरनेट अर्काइव्ह’ने उतरवून ठेवली होती म्हणून ती वाचली. नावे मात्र तेथेही अशा विचित्र रोमन लिपीत नोंदलेली, की शोधणाऱ्याने भूर्जपत्र लावण्याची तयारी ठेवावी.

विकतच्या ई-पुस्तकाचा प्रकार अगदी निराळा आहे, आणि येथे १९०८ चा निकाल उलटा फिरलेला दिसतो. जॉर्ज ऑर्वेल हा लेखक तरुणपणी लंडनमध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानात नोकरीस होता. पुस्तकांवरचा आपला खर्च तंबाखू-दारूवरच्या खर्चाहून कमी आहे असा हिशेब त्याने १९४६ मध्ये जाहीरपणे मांडला. २००९ च्या जुलैत त्याचीच दोन पुस्तके, ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’, अमेरिकेतील गिऱ्हाइकांच्या किंडल यंत्रांतून रातोरात नाहीशी झाली. ज्याने ती विकावयास ठेवली त्यास हक्क नव्हता, म्हणून अ‍ॅमेझॉनने पैसे परत केले आणि घेतलेली पुस्तके दुरूनच पुसून टाकली. एका विद्यार्थ्याची टिपणेही त्याबरोबर निरर्थक झाली. कंपनीने माफी मागितली. ऑर्वेल साने गुरुजींच्याच वर्षी, १९५० मध्ये, वारला. भारतात दोघेही एकाच दिवशी मोकळे झाले. अमेरिकेत ‘१९८४’ ला २०४४ अखेरपर्यंत थांबावयाचे आहे. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान आवरले, तेव्हाही पैसे परत मिळाले आणि पुस्तके गेली. दुकान बंद झाले म्हणून दुकानदार घरी येऊन पुस्तके उचलून नेतो, हे लॅकिंग्टनच्या शत्रूंनाही सुचले नसते.

याचे कारण असे, की आपण ‘विकत घ्या’ या शब्दांवर बोट ठेवतो तेव्हा बहुधा पुस्तक घेत नाही. वाचण्याचा परवाना घेतो. परवाना पुन्हा विकता येत नाही. नेदरलंड्समधील टॉम काबिनेट या संस्थेने जुनी ई-पुस्तके विकण्याचा घाट घातला. युरोपीय न्यायालयाने १९ डिसेंबर २०१९ रोजी तो मोडून काढला. न्यायालयाची कारणमीमांसा ध्यानात ठेवण्यासारखी आहे: ई-पुस्तक मळत नाही, फाटत नाही, त्याची जुनी प्रत नव्यासारखीच असते, म्हणून तिची विक्री नव्या प्रतीच्या मुळावर येईल. म्हणजे कागदी पुस्तकाला पिवळे पडण्याचा आणि वाळवी लागण्याचा जो शाप होता, त्यातच त्याच्या मालकाचे स्वातंत्र्य दडलेले होते. इंटरनेट अर्काइव्हने आपल्याजवळील छापील प्रतींच्या बदल्यात तेवढ्याच संगणकीय प्रती वाचकांस उसन्या देण्याचा मार्ग काढला होता. अमेरिकेतील चार मोठ्या प्रकाशकांच्या दाव्यात तोही २०२३ मध्ये आणि अपिलात ४ सप्टेंबर २०२४ रोजी बेकायदा ठरला.

या दोन रीतींच्या मधल्या खाचेत मराठीतील फार मोठा ग्रंथसंग्रह अडकला आहे. १९५० नंतरच्या कथा-कादंबऱ्या, चरित्रे, गावोगावचे इतिहास. हजार-अकराशे प्रतींची एक आवृत्ती निघाली, संपली आणि पुन्हा छापली गेली नाही. प्रकाशनसंस्था बंद, वारस कोण ते ठाऊक नाही, लेखकाच्या मृत्यूस साठ वर्षे झालेली नाहीत. मामा वरेरकर १९६४ मध्ये गेले, त्यांचे वाङ्मय १ जानेवारी २०२५ रोजी मोकळे झाले. त्यांच्यामागून आलेल्या पिढीची पाळी अजून लांब आहे. पु. शि. रेग्यांस २०३९ ची वाट पाहावी लागेल. रेग्यांची पुस्तके निदान मिळतात. ज्यांची मिळत नाहीत त्यांचे काय?

त्यांचा ठाव एका अनपेक्षित ठिकाणी लागतो. १९५४ च्या ‘पी. एल. ४८०’ या कायद्याखाली अमेरिकेने आपल्याला गहू विकला आणि किंमत रुपयांत घेतली. हे रुपये भारतातच खर्च करावयाचे असल्याने १९६२ पासून त्यांतील काही भाग पुस्तकखरेदीस लावण्यात आला. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कचेरीने भारतीय भाषांतील नवी पुस्तके विकत घ्यावी आणि शिकागो, मिशिगन, विस्कॉन्सिन अशा विद्यापीठांकडे रवाना करावी. त्यांत मराठीही होती. रेशनच्या दुकानात ज्या गव्हाला नावे ठेवली त्याच्याच पैशातून आपल्या कादंबऱ्या मिशिगनला पोचल्या, आणि आपल्याकडे वाळवीने व रद्दीवाल्याने काम उरकले तरी तेथे त्या कपाटात सुरक्षित राहिल्या. २००४ मध्ये गुगलने मिशिगनचे ग्रंथालय संगणकात उतरविण्याचे जाहीर केले. २००८ मध्ये त्या संग्रहासाठी हाथीट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. आज पुण्यात बसून १९६५ च्या एखाद्या विस्मृत मराठी कादंबरीचे नाव तेथे शोधले तर नोंद मिळते. एखादा शब्द घालून पाहिला तर तो कोणत्या पानावर किती वेळा आला आहे तेही कळते, पृष्ठ ४७ वर दोनदा, पृष्ठ ११२ वर एकदा. पान मात्र उघडत नाही.